खालच्या विहिरीची बाटली

रफीकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. हातातलं वांगं तसंच टाकलं आणि पहिली शिवी स्वतःलाच हासडली. या माणसाचं एक साधं काम मी करायचं ठेवून दिलं होतं.

भूजलाच्या कचेरीत मी नकाशे काढायचो. रफीकभाई गावोगाव फिरून विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचे. कोणत्या विहिरींवर कायम लक्ष ठेवायचं ते माझ्या नकाशावर ठरे. नकाशावर ठिपका नाही तर विहिरीला नंबर नाही, आणि नंबर नसलेल्या बाटलीला प्रयोगशाळा हात लावत नसे. एका गावात ठिपका ठरवायला गेलो, तर सरपंचांनी कौतुकानं देवळाजवळच्या विहिरीवर नेलं. आमच्याकडे पाहुण्याला गावातलं सगळ्यात गोड पाणी पाजतात; सरकारी माणूसही पाहुणाच! मी प्यालो, वाहवा केली, ठिपका दिला. रफीकभाई मात्र उतारानं खाली गेले, गटारं नाल्याला मिळतात तिथल्या विहिरीवर. सगळी खालची वस्ती तेच पाणी पीत होती. जीपमध्ये बसताच भडकले, "भाऊ, गोड पानी काऊन तपासून राह्यले तुम्ही? बीमार माणूस सोडून पैलवानाची नाडी पाह्यता का?"

"पुढच्या नकाशात टाकू," मी म्हणालो... आणि निवृत्त होईपर्यंत हेच म्हणत राहिलो. एक ठिपका वाढवायचा तर साहेबांना पुन्हा समजवा, पुन्हा सह्या घ्या. कंटाळा, दुसरं काय! दरवर्षी त्या गावचं पाणी 'पिण्यास योग्य' ठरे. दरवर्षी रफीकभाई खालच्या विहिरीचीही बाटली भरत आणि ती परत येई. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा. आता माझा येतो.

शेवटचे भेटलो ते चिखलीला, त्यांच्या घरी. खाटेवरूनच त्यांनी एक बाटली पुढे केली. "तुमच्याजवळ ठेवा भाऊ. मले तं हिचा कोनी नंबर देल्ला नाही." वर हसलेसुद्धा.

ती बाटली माझ्या खिडकीत आहे. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात 'खालची विहीर', नंबरची जागा कोरी. परवा नातीला तहान लागली, तिनं नेमकी तीच उचलली.

"ठेव ती! पिऊ नको!" मी केवढ्यांदा ओरडलो... पोर दचकून रडायलाच लागली. खालच्या वस्तीत जाऊन मी एकदाही असा ओरडलो नव्हतो.