चेस्टनटच्या झाडाखालची जागा

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार. सकाळच्या फेरीचे दोनशे पंच्याऐंशी युरो राइनहोल्ड नावरातिलने नेहमीप्रमाणे आधीच घेऊन आतल्या खिशात ठेवले. पाहुणे पाच, सगळे हॅम्बुर्गचे, एका विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. बग्गी फेर्डल त्सेहेटनरची. ठिकाण व्हिएन्नाच्या टोकाची मोठी दफनभूमी, जिथे शहरात हिंडतात त्याहून जास्त माणसं निजलेली आहेत.

राइनहोल्ड एकसष्ट वर्षांचा होता आणि त्यातली निम्मी वर्षं तो परवाना असलेला गाइड होता. राजवाडे आणि ऑपेरा दाखवणारे शहरात पुष्कळ, म्हणून त्याने मरणाचा विषय धरला आणि तो चांगला चालला. आपली अंत्ययात्रा थाटाची निघावी म्हणून इथली माणसं हयातभर पैसे बाजूला टाकतात, हे ऐकून परदेशी पाहुण्यांना गंमत वाटायची. संगीतकारांच्या थडग्यांपाशी तो आवाज खाली आणायचा, मंत्र्यांच्या थडग्यांपाशी वर चढवायचा. गळ्यात बो टाय, छातीवर नावाचा बिल्ला, हातात छत्री. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, गेरलिंडे, लिंत्सला राहणारी. वडिलांची बागेतली झोपडी विकायची की ठेवायची, यावरून दोघांचं बोलणं सहा वर्षांपूर्वी बंद झालं होतं.

फेर्डल सत्तरीला आलेला, लाल गालांचा, दोन घोड्यांशी माणसांपेक्षा जास्त बोलणारा. वीस वर्षं तो राइनहोल्डच्या पाहुण्यांना दफनभूमीतून फिरवत होता. व्हिएन्नात चष्मा लावणाऱ्या कुणालाही प्रोफेसर म्हणतात, तसं तो राइनहोल्डला म्हणायचा.

गेले वर्षभर फेर्डलच्या तोंडी एकच विषय होता. त्याने स्वतःसाठी जागा हेरली होती. चेस्टनटचं झाड, काळ्या ग्रॅनाइटचा दगड, दुपारपर्यंत ऊन. राइनहोल्ड हे अर्ध्या कानाने ऐकायचा. त्या सकाळी फेर्डल म्हणाला की चिकटी दाखवायला रोजच्या रांगेत जायला नको, त्याच्या नव्या घरावर, त्या काळ्या दगडावर, एक छान चिकटी आहे, तीच दाखवू.

चिकटी, म्हणजे थडग्यावर डकवलेली कचेरीची चिठ्ठी, ही राइनहोल्डच्या फेरीतली हमखास हशाची जागा. बग्गीत तो फेर्डलच्या शेजारी, पाहुण्यांकडे तोंड करून उलटा बसायचा, त्यामुळे बग्गी कुठे वळते याकडे त्याचं लक्ष नसायचं. बग्गी थांबली की खाली उतरायचं, दाखवायच्या वस्तूकडे पाठ करायची, तोंड पाहुण्यांकडे ठेवायचं आणि छत्री खांद्यावरून मागे रोखायची. गाइडच्या शिक्षणात हेच पहिल्यांदा शिकवतात. पाहुण्यांचे चेहरे दिसले पाहिजेत.

त्याने तसंच केलं. व्हिएन्नात मेल्यावरसुद्धा भाडं सुटत नाही, तो म्हणाला. कबरीची जागा दहा वर्षांच्या कराराने मिळते. मुदत संपली आणि वारसांनी पैसे भरले नाहीत, तर दगडावर चिकटी लागते, की कृपया कचेरीत भेटावं. "आता हे मागचे गृहस्थ," तो म्हणाला, "बिचारे कसे भेटणार? आणि यांची मुलं बहुतेक नाटकाला गेली असतील."

पाहुणे हसले. फेर्डलही हसला. मग पुढे उभ्या असलेल्या बाईंनी मान वाकडी करून दगड वाचला, राइनहोल्डच्या छातीवरचा बिल्ला वाचला, आणि सहज विचारलं, "अलोइस नावरातिल, ट्रामचालक. तुमच्यापैकीच कुणी का हो?"

राइनहोल्ड वळला.

दगडावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. त्याखाली जन्माचं साल, मरणाचं साल आणि त्याने स्वतः निवडलेली छोटी पितळी ट्राम. नावातल्या पहिल्या अक्षरावर पिवळी चिकटी. त्याने छत्री खाली घेतली. पाहुण्यांपैकी कुणीतरी अजून हसत होतं, ते थांबलं. तो म्हणाला, "हो. वडील माझे." आणि बग्गीत चढून बसला, या वेळी तोंड रस्त्याकडे करून.

उरलेली फेरी त्याने कशीबशी संपवली. एका संगीतकाराला त्याने दुसऱ्याच्या आजाराने मारलं, ते कुणी सुधारलं नाही. निरोप घेताना हॅम्बुर्गच्या त्या बाईंनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून तो थेट दफनभूमीच्या कचेरीत गेला. खिडकीवरच्या बाई त्याला रोज पाहणाऱ्या, आधी हसून बोलल्या, मग कॉम्प्युटरकडे बघून गंभीर झाल्या. मागची मुदत बहिणीने भरली होती. ती २०१७ ला संपली. पुढची भावाने भरायची असं ठरलं होतं आणि करार त्याच्या नावावर झाला होता. पण झोपडीच्या भांडणानंतर त्याने घर बदललं, नवा पत्ता कळवला नाही, आणि पत्रं परत आली. आता त्या जागेसाठी एक अर्ज आला होता. दगडासकट जागा घेणार, हाडं खाली तशीच राहतील, दगडावरचं नाव तेवढं घासून काढतील. अर्जदाराने स्वतः अर्ज मागे घेतला तरच काही करता येईल.

"नाव सांगायला नको," राइनहोल्ड म्हणाला. "माहीत आहे मला."

फेर्डल दरवाज्याबाहेरच्या टपरीवर चीज भरलेलं सॉसेज खात होता. घोड्यांच्या तोंडाला चाऱ्याच्या पिशव्या लावलेल्या. राइनहोल्डने त्याला अर्ज मागे घ्यायला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला, कारण त्याच्या मनात एक राग तयार झाला होता. नावरातिल हे नाव दगडावर वाचून या माणसाने एका शब्दाने विचारलं का नाही?

फेर्डलने तोंडावरची मोहरीची चटणी पुसली.

"वाचलं की नाव. या शहरात नावरातिल मावत नाहीत इतके आहेत. तुझा बाप असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, प्रोफेसर."

"का नाही आलं?"

"तू रोज इथं असतोस ना. तुझा बाप असता तर तू तिथं गेला असतास."

फेर्डल हे टोमणा म्हणून बोलला नव्हता, हिशेब सांगावा तसं बोलला होता. सर्वसंतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, सारं शहर दिवे घेऊन इथे लोटतं. त्या दिवशी राइनहोल्डच्या चार फेऱ्या असायच्या, त्यामुळे वडिलांकडे जाणं पुढे ढकललं जायचं. सहा वर्षं ढकललं गेलं होतं.

फेर्डल मग घोड्याच्या मानेवर हात फिरवत सांगू लागला. चिकटी लागल्यावर थडग्यावर गवत माजलं होतं. नवी जागा घाण कशी ठेवायची म्हणून त्याने माळ्याकडून ते काढून घेतलं, आयव्हीची वेल लावून घेतली. आणि गेल्या सर्वसंतांच्या दिवशी तिथे लाल मेणबत्ती लावली.

"कुणासाठी?" राइनहोल्डने विचारलं.

"त्याच्यासाठीच. आजूबाजूला सगळीकडे उजेड आणि हा एकटा अंधारात. मी त्याच्या डोक्यावर निजायला निघालोय, निदान ओळख तरी करून घ्यावी. कुठली ट्राम चालवायचा तो?"

"त्रेचाळीस नंबरची. तेहेतीस वर्षं."

"बसलोय मी त्या ट्राममध्ये," फेर्डल म्हणाला आणि पुन्हा घोड्याच्या मानेवर हात फिरवू लागला. सॉसेज गार झालं. मग त्याने विचारलं की खाली एकावर एक किती शवपेट्या मावतात. चार, राइनहोल्ड म्हणाला. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"एक तुझा बाप. एक तू. बहीण काही येत नाही लिंत्सहून. मला घे मग. अर्ज उद्याच मागे घेतो."

त्या दिवशी आणखी काही ऐकायची राइनहोल्डची तयारी नव्हती. घोड्यांचा वास येणारा हा माणूस आपल्या आणि बापाच्या मध्ये, कायमचा. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दोन वर्षांत त्या दगडाशी दुसरं कुणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं, तो स्वतःही नाही.

"वरचा मजला," तो म्हणाला. "मध्ये नाही."

"वरच पाहिजे. मला ऊन हवं असतं."

दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत गेले. फेर्डलने अर्ज मागे घेतला. राइनहोल्डने दहा वर्षांचे पैसे भरले, नवा पत्ता दिला आणि फेर्डलला तिथे पुरायला संमती असल्याच्या कागदावर सही केली. खिडकीवरच्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि कागदावर शिक्का मारला. दुपारी त्याने गेरलिंडेला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गवत काढून वेल लावण्याचे माळ्याचे बावन्न युरो फेर्डलने दिले होते. राइनहोल्डने त्यांतले तीस परत केले. बावीस अजून द्यायचे आहेत.