तळाशी बसलेला मेणाचा ठोकळा

मंगळवारी सकाळी बाबा गेले. सोमवारी संध्याकाळी धाकट्या भावाने फोनवर सांगितलं होतं, "ताई, बाबा ठीक आहेत. धावत येऊ नकोस, रविवारी ये." मी महूहून इंदूरला पोचले तेव्हा माणसं जमली होती.

बाबांनी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यांच्या खोलीत काचेची टाकी होती, पाण्याने भरलेली, आणि तिच्या तळाशी मेणाचा ठोकळा बसलेला. मेण पाण्यावर तरंगतं. पण ते वर येतं ते पाणी खालून ढकलतं म्हणून. ठोकळा काचेला इतका सपाट टेकला की खाली पाणीच शिरू शकत नाही, तर वरचं पाणी त्याला दाबून ठेवतं. आम्हा भावंडांना हे पाठ होतं. बाबा कोरड्या टाकीत ठोकळ्याच्या बुडाला तुपाचं बोट फिरवत, जोर लावून बसवत आणि मग काठाकाठाने पाणी सोडत.

भेटायला आलेले शेजारी टाकीत वाकून भावाला म्हणाले, "भिया, मोम तो तैरता है नी! चिपका दिया क्या?"

"नहीं अंकल, बाबा ने बिठाया है. सोमवार को."

"वाह, मास्टरसाब ने आखिर तक क्लास नहीं छोड़ी!" ते हसले, मग ओशाळून खाली बसले.

मला हसू आलं नाही. दिवाळीपासून बाबांचे हात थरथरत होते. चहाचा कप दुसऱ्याने धरावा लागे. त्या हातांनी ठोकळा बसवणं शक्य नव्हतं. भाऊ खोटं बोलला होता. हे खोटं, तर फोनवरचं 'ठीक आहेत' काय होतं? त्यानंतर मी त्याच्यावर नजर ठेवू लागले. तो फोन घ्यायला बाहेर का जातो, बाबांची औषधं एवढ्यात कुणी उचलली, गादी उन्हात कशाला टाकली.

दहाव्याचं आटोपून आल्यावर खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "ठोकळा कुणी बसवला?"

तो म्हणाला, "मी. बाबा कॉटवरून सांगत होते. ठोकळा सारखा वर येत होता. म्हणाले, गधड्या, बोट फिरव म्हटलं, पराठ्याला तूप नाही लावायचं. बसला तेव्हा म्हणाले, रविवारी ताईला दाखव."

"म्हणजे उठवत नव्हतं त्यांना."

"नव्हतं."

"आणि मला ठीक आहेत म्हणालास."

"ते समोरच होते, ताई. हाताने नको नको करत होते. तिचे पेपर तपासायचे चाललेत, तिला पळवू नको, असं."

बाबांचा हात तसाही सारखा हलत असे. त्या संध्याकाळी तो 'नको' म्हणत होता की नुसता थरथरत होता, हे पाहणारा भाऊ एकटाच होता.

टाकी सरकवली तर ठोकळा सुटेल, म्हणून कुणी तिला हात लावलेला नाही. ती त्याच खोलीत आहे. ठोकळा तळाशी आहे.