सात नंबरची थप्पी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवाला हात जोडते, तेवढंच. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लावले…

सांगलीत आमचं हळदीचं गोदाम आहे. आलेली पोती कुठल्या नंबरच्या थप्पीला लावायची ते सांगणारा प्रोग्राम फार पूर्वी मीच लिहिला — पुस्तकं वाचून, चुकतमाकत. आमचे हे गोदामातच, सात नंबरच्या जागेवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यानंतर मी गुपचूप एक ओळ घातली — सात नंबर कधी द्यायचा नाही. तिथं पोती रचलेली मला बघवली नसती. सगळ्यांना वाटायचं, म्हातारीचा प्रोग्राम चुकतोय.

सून कल्पना पाटणची, कॉम्प्युटर शिकलेली. म्हणाली, "आई, किती ठिगळं लावायची याला? मी पहिल्यापासून नवा लिहिते. सात नंबर फुकट जातोय."

"अगं, आहे त्यातच भर घाल की."

"तुमचं कोड वाचण्यापेक्षा हळद निवडलेली बरी. उघडणारपण नाही मी ते."

दोन महिन्यांनी नवा प्रोग्राम लागला. पहिला ट्रक आला, जागा आल्या… पाच, सहा, आठ.

मी थेट विचारलं, "माझंच कोड उतरवलंस व्हय?"

"आवं आई, शपथ, न्हाई. तुमीच माझ्या प्रोग्राममधी कायतरी घातलंसा. पासवर्ड तुमाला ठाव हाय." चिडली की ती माहेरच्या बोलीवर येते.

चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी तिनं माहेरी जायला बॅग भरली. जाऊ दिली असती तर परत आली असती का, कुणास ठाऊक. म्हटलं, "मीपण येते. माझ्यासमोर लिही."

पाटणला, तिच्या भावाच्या लॅपटॉपवर, तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी शेजारी शेंगा सोलत एकेक ओळ वाचत होते. आठ दिवस. सातला वगळणारं काही म्हणजे काही नव्हतं. मग भर दुपारी प्रोग्राम चालवला —

पाच. सहा. आठ.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिथंच तिची माफी मागितली, आणि त्या ओळीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामंजींची खुर्ची तिथं ठेवूया का, आई?"

ठेवली. जुना प्रोग्राम कायमचा पुसला. सात नंबर अजून येत नाही, का ते दोघींनाही सांगता येत नाही. गोडीनं राहतो आम्ही. फक्त रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करताना ती हळूच माझ्याकडं बघते… आणि मी तिच्याकडं.