राखीव गोलकीपरचा बाप

विलास गेल्याची बातमी आली तेव्हा मी ईस्ट टामाकीतल्या माझ्या यार्डात एका गिऱ्हाइकाशी माल उचलायच्या जुन्या फोर्कलिफ्टच्या किमतीवरून घासाघीस करत होतो. कल्पनावहिनींचा फोन तीनदा वाजला आणि तीनदा मी तो कापला, कारण समोरचा माणूस वाकायच्या बेतात होता आणि अशा वेळी आपण मान वळवली की माणूस सावरतो. सौदा झाला, हात मिळवले, मग फोन केला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहू नये, पण लिहितो. मला वाटलं, हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवून गेला.

मी जगाच्या दक्षिण टोकाच्या या देशात फोर्कलिफ्ट चालवायला आलो आणि आता फोर्कलिफ्ट विकतो. या धंद्यात समोरच्याने काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही याकडे लक्ष ठेवावं लागतं. विलास इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होता. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल अंगातच. कॉलेजच्या वयात आपल्या तालमीच्या संघाचा गोलकीपर होता. आमची घरं गाडीने सात मिनिटांवर आणि आमची पोरं एकाच वयाची. त्याचा मिहीर, माझा सुजय. दोघंही गोलकीपर, आणि क्लबच्या ज्या संघात दोघं खेळायचे त्याचा हौशी कोच विलासच. संघाला गोलकीपर एकच लागतो, त्यामुळे भांडण व्हायचंच होतं.

ते आठ वर्षांपूर्वी झालं. हॅमिल्टनला मोठी स्पर्धा होती आणि बाहेरच्या क्लबांची माणसं पोरं हेरायला येणार होती. विलासने पहिल्या सामन्यात सुजयला उभं केलं, नंतरच्या सगळ्या सामन्यांत मिहीरला. मिहीरला तिथे कुणीतरी पाहिलं, पुढे तो युरोपात गेला. सुजयने हातमोजे कपाटात टाकले. मी पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत विलासला म्हटलं, "स्वतःचं पोरगं दिसलं की तुझा तराजू झुकतो." तो एक शब्द बोलला नाही. निर्दोष माणूस ओरडतो असा माझा अनुभव आहे, म्हणून त्याचं गप्प राहणं मी कबुली धरलं. पुढे बायकांनी बोलणं सुरू करून दिलं, येणंजाणं झालं, पण ती गोष्ट माझ्या घशात तशीच राहिली.

म्हणूनच गेल्या वर्षी त्याचं बोलावणं आलं तेव्हा मी सावध झालो. मिहीरला पोलंडमधल्या एका संघाने घेतलं होतं. तिथली दुसऱ्या दर्जाची लीग, अठरा संघ, चौतीस सामने. गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. विलास म्हणाला, "शेठ, दर रविवारी सकाळी यायचं. एकट्याला बघवत नाही." एकट्याला का बघवू नये? वहिनी होत्या, कोल्हापूरकर मित्र होते. ज्याच्या पोराला बसवलं त्यालाच आपल्या पोराचं यश बघायला बोलवायचं, यात काय डाव आहे ते शोधायला मी गेलो. शिवाय आणखी एक अट होती, "तो फोन गाडीत ठेवून ये." तिकडचे बरेचसे सामने इथे भल्या पहाटे व्हायचे, ते तो निकाल न बघता रविवारी नऊला लावायचा. निकाल कुणाला कळू नये म्हणून फोन नको, असं त्याचं म्हणणं. मला वाटायचं, यानेच आधी चोरून पाहिलेला असणार.

पण पाहण्यासारखं काही नव्हतं. मिहीर खेळतच नव्हता. तो दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर, आणि पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर आडदांड, तब्येतीने ठणठणीत. जुलै गेला, ऑगस्ट गेला, मिहीर बाकावर. खरं सांगतो, पहिले काही रविवार मला बरं वाटलं. वहिनींचे पोहे खायचे आणि मनात म्हणायचं, बस म्हणावं आता, बसणं कसं असतं ते कळू दे. विलास मात्र दर रविवारी एक विचित्र गोष्ट करायचा. आपली लाकडी हाताची खुर्ची कधी टीव्हीच्या डावीकडे ओढायचा, कधी उजवीकडे. डावीकडे घेतली की मला सोफ्याच्या उजव्या टोकाला सरकावं लागे, आणि तिथे रँच स्लायडरच्या सरकत्या काचेच्या दारातून ऊन थेट माझ्या डोळ्यात येई. हे मुद्दाम चाललंय याबद्दल मला शंका नव्हती. एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, "असू दे की मर्दा, पाठ दुखती."

पाठीचा काही संबंध नव्हता. ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात तो आडदांड गोलकीपर धडकून पडला आणि उठेना. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, पलीकडच्या रेषेवर, बाकावरून एक आकृती उठली, अंगातलं जॅकेट काढलं, हातमोजे घट्ट केले. विलास खुर्चीतून अर्धा उठला आणि त्या कोपऱ्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला असेल. दोन मिनिटं तो तसाच वाकलेला. मग तो आडदांड उठला, हात झटकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती आकृती खाली बसली आणि विलासही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस गेले तीन महिने चेंडूकडे बघतच नाहीये. घरच्या मैदानावर यांचा बाक डावीकडे दिसायचा, बाहेरगावी बहुधा उजवीकडे, तशी खुर्ची. काही मैदानांवर कॅमेरा बाकाच्या डोक्यावरच असे, बाक दिसतच नसे. अशा दिवशी खुर्ची मधोमध, आणि विलासची नजर पडद्याच्या खालच्या कडेवर... जिथे काहीच नव्हतं.

डिसेंबरात तिकडे बर्फामुळे लीग थांबली. फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली तेव्हा विलासचं दुखणं कळलेलं होतं. तो औषधांतलाच माणूस, त्याला किती दिवस आहेत ते सांगावं लागलं नाही. दर रविवारी तो थोडा अधिक बारीक झालेला असायचा. खुर्ची ओढायला मी पुढे झालो की म्हणायचा, "हात लावायचा नाही." मे महिन्यात मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्यांच्या संघाला ना वर जायचं होतं ना खाली पडायचं होतं. अशा सामन्यात राखीव गोलकीपरला संधी देतात, सगळीकडे देतात. नावं पडद्यावर आली. तोच आडदांड. मला इतका राग आला की त्या कोचला मी मराठीत जे बोललो ते वहिनींनी स्वयंपाकघरात ऐकलं. विलास मात्र कोपऱ्यावरची नजर न काढता म्हणाला, "शेठ, हात तुझ्या सुजयचे चांगले होते. मिहीरपेक्षा."

"मग?"

"मग काय... मिहीरला घेतला. बाप होतो की त्याचा."

आठ वर्षं ज्या वाक्यासाठी थांबलो होतो ते मिळालं, आणि मला ते घेता येईना. समोरचा एका दमात सगळं मान्य करतो तेव्हा मी माल पुन्हा तपासतो. हा आजारी माणूस जाता जाता मला खूश करतोय की काय? घरी आल्या आल्या, दूर लोअर हटला राहणाऱ्या सुजयला फोन लावला. "विलासकाकांनी कबूल केलं. तू चांगला होतास." तो हसला. "बाबा, that was heaps of years ago. तुम्ही ती मॅच बघितली तरी होती का?" मी म्हटलं, म्हणजे काय, तिथेच तर होतो. होतो हे खरं आहे. पार्किंगमध्ये गाडीला टेकून, फोन कानाला लावून. माझ्या पहिल्या मोठ्या सौद्याचे दिवस होते ते, सहा फोर्कलिफ्ट एकदम.

जूनमध्ये विलास गेला. लीग संपलेली होती म्हणून मिहीरला येता आलं. दहाव्यानंतर आम्ही दोघंच हॉलमध्ये होतो. गालिच्यावर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना चार-चार पायांचे खड्डे पडले होते, तो ते बघत होता. मी त्याला खुर्चीचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. घरी फोनवर म्हणे विलास सामन्याचा विषयच काढायचा नाही, नुसतं "जेवलास का" विचारायचा. पोरगं खाली वाकलं आणि एका खड्ड्यावरून बोट फिरवू लागलं. अशा वेळी विचारू नये, पण मी विचारलं. तुम्हा दोघांत चांगला कोण होता?

"सुजय," तो लगेच म्हणाला. "त्याचे हँड्स खूप भारी होते, काका."

"मग तुझ्या पप्पांनी तुलाच का घेतलं?"

तो गप्प झाला. बापासारखाच. मी सोडलं नाही, मला सोडता येत नाही. शेवटी म्हणाला, "He kept looking away, काका. बॉल येताना पण. पप्पा त्याला सारखे सांगायचे, बॉलकडे बघ. पण तो कार पार्ककडे बघायचा. तुम्ही बघताय का ते. हॅमिल्टनला फर्स्ट मॅचमध्ये दोन गोल तसेच गेले."

विलास काहीतरी हातचं राखून गेला हा माझा संशय खरा निघाला. माझ्या तोंडावर, सगळ्यांदेखत, पार्किंगमध्येच तो मला हे सांगू शकला असता. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. आठ वर्षं त्याने ते वाक्य वापरलं नाही, आणि शेवटी त्याच्या जागी "बाप होतो की" हे दुसरंच ठेवून गेला. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. आता भांडायला तो नाही, हा त्याचा शेवटचा डाव.

मागच्या आठवड्यात नवा मोसम सुरू झाला. वहिनींचा फोन आला, या वेळी मी पहिल्याच रिंगला उचलला. "मला त्यातलं काही कळत नाही, भाऊजी, पण टीव्ही लावून ठेवते." रविवारी गेलो, सामना बाहेरगावचा होता. मिहीर बाकावर. मी खुर्ची उचलून उजवीकडच्या खड्ड्यांत बसवली. वहिनी चहा घेऊन आल्या, पडद्यावर बावीस जण धावत होते. "कुठाय तो?" त्यांनी विचारलं. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दोघंही तिकडेच बघत राहिलो. माझा फोन गाडीत होता.