गुरुवारची खुर्ची

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी भुसावळला, डोळ्याच्या ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून बसले होते. जयपूरहून भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा गेले… मतलब, दुपारी, खुर्चीतच." तिथेच वाढलेल्या या मुलाचं मराठी नेहमीच अडखळतं, त्या दिवशी मात्र तेवढं पुरलं. मी रडले नाही. समोरच्या खुर्चीत कुणी होतं का, एवढंच विचारलं. नव्हतं, तो म्हणाला. हे मी का विचारलं, ते त्यालाही समजलं नसेल.

माझा थोरला भाऊ रेल्वेत गार्ड होता. बदली होऊन जयपूरला गेला तो तिथलाच झाला. निवृत्तीनंतर जगतपुऱ्यात स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. वहिनी गेल्या, दादाची विसरायची खोड आजार ठरली, आणि शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली मी सोबतीला जाऊन राहिले. तिथे मीनाक्षी नावाची मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी यायला लागली. अशा रुग्णांना नुसतं मनातलं बोलून काही फायदा होतो का, हे तिला तपासायचं होतं. दहा गुरुवार, दुपारी चार वाजता, समोरासमोर खुर्च्या टाकून बोलायचं. सुरुवातीला एक चाचणी आणि शेवटी एक. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ज्याला आठवत नाही, त्याच्याशी बोलून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी, असं मी भाच्याला म्हटलंही. पोरगी गोड होती म्हणून तिला म्हटलं नाही.

आणि मग मी माझ्या स्वभावाला साजेसं तेच केलं. तीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवलेली बाई. भाऊ नापास झालेला मला कसा चालेल? चाचणीतले प्रश्न दवाखान्यात ऐकून मला पाठ होते. दादाच्या खुर्चीसमोर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावलं आणि चार दिवस तयारी करून घेतली. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर राहतो… चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चाचणीत दादाने छान उत्तरं दिली. मीनाक्षी थोडी चकित झाली आणि मी खुशीत तिला दुसऱ्यांदा चहा दिला. त्यानंतरही रोज सकाळी उजळणी चालूच ठेवली, शेवटच्या चाचणीसाठी.

तिसऱ्या गुरुवारी मी आतल्या खोलीत मेथी निवडत होते. दार उघडंच होतं. मग दादाचा आवाज आला, अगदी शांत. "बेटा, गार्ड का काम होता है देखना, पीछे कोई डिब्बा छूट तो नहीं गया. अब रोज़ छूटता है. मुझे पता चलता है. और सुबह बहन इम्तिहान लेती है… डर लगता है." मीनाक्षीने त्याला धीर दिला नाही की दुरुस्तही केलं नाही. कधी जास्त भीती वाटते, एवढंच विचारलं, आणि तो सांगत राहिला. माझी समजूत होती की त्याला काही कळत नाही. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर मी कपाटात टाकलं.

शेवटच्या चाचणीत दादाचे गुण घसरले. मग मात्र मी मीनाक्षीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. पहिलेच गुण खरे नसतील तर तुलना कशाशी करणार, म्हणून दादाचा कागद तिला हिशेबातून काढावा लागला. म्हणजे बोलण्याने माझ्या भावाला फायदा झाला की नाही, याचा पुरावा मीच घालवला. तो सकाळी माझी चाहूल लागली की अंग चोरायचा, ते थांबलं होतं. पण ते बोलण्यामुळे की माझी उजळणी थांबल्यामुळे, कोण सांगणार?

मीनाक्षीचं येणं संपलं. महिन्याभरात तो तिचं नाव विसरला, मग ती यायची हेही विसरला. पण दुपारी चारच्या सुमाराला तो उठायचा, भिंतीकडची वेताची खुर्ची ओढून आपल्या खुर्चीसमोर ठेवायचा आणि वाट बघत बसायचा. गुरुवार कुठला हे कळत नसल्यामुळे रोजच. कुणाची वाट बघतोस, असं मी एकदाही विचारलं नाही. काही दिवसांनी मीच तिथे बसायला लागले. तो बोलायचा, मी ऐकायची. आयुष्यभर उत्तरं तपासलेल्या मला ते जड गेलं, पण जमलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भुसावळला निघाले त्या दुपारीही त्याने खुर्ची ओढली होती. मी गाडीच्या घाईत होते, बसले नाही.

आता जयपूरला परत आले आहे. झाडूवाली बाई वेताची खुर्ची भिंतीला लावून जाते. चार वाजता मी ती ओढून दादाच्या खुर्चीसमोर ठेवते आणि पाच मिनिटं तरी बसते.