काजलला खोली पाहिजे

बालगृहातल्या पोरापोरींची अठरा वर्षं भरली की त्यांना तिथून निघावं लागतं. मग त्यांना काम, खोली, बँकेचं खातं असं सगळं लावून द्यायचं, ही माझी नोकरी. सातारा-सांगली असं सतत एसटीनं हिंडायचं. या हिंडण्यात भली माणसं इतकी भेटतात, की किस्से आपोआप साठत जातात! बायको म्हणते, "जेवताना तरी त्या लोकांचा विषय काढू नका, घास गोड लागत नाही." म्हणून तुम्हाला सांगतो.

त्यातले बरेचसे एकट्या काजलचे आहेत. साताऱ्याकडच्या बालगृहात वाढलेली पोरगी. तिला सांगलीत एका दवाखान्यात काम मिळालं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. सांगलीत खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर गेली.

*

निघण्याआधी 'स्वावलंबी जीवन' शिबिर असतं. त्यासाठी पुण्याहून एक ट्रेनर आले. लॅपटॉप, कॉलरला माईक, पाण्याची बाटली स्वतःची. दोन तास स्लाइडी दाखवून शेवटी कळकळीनं म्हणाले, "मुलींनो, उद्यापासून आपलं ताट आपणच धुवायचं बरं का!"

काजल उभी राहिली. कळायला लागल्यापासून ती अख्ख्या बालगृहाची भांडी घासत आलेली.

"सर, फक्त आपलंच? मग उरलेल्या दिवसात काय करायचं?"

ट्रेनरनी तिच्या नावापुढं 'मोटिव्हेशन कमी' असा शेरा मारला.

*

मग एका क्लबनं निरोप समारंभ ठेवला. हार, शाल, भाषणं आणि फोटोच फोटो! काजलला भेट काय? भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ. त्यात आकडे बारीक आणि मधोमध क्लबच्या अध्यक्षांचा हसरा चेहरा. म्हणजे वेळ कोणतीही असो, हे हसणार!

अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "बाळ, आणखी काही लागलं तर हक्कानं माग."

"साहेब, भिंत पायजे हुती," काजल म्हणाली.

अध्यक्षांना तो विनोद वाटला. ते पोट धरून हसले आणि जेवायला गेले.

*

सांगलीत खोल्या बघायला लागलो. पहिले मालक झोपाळ्यावर बसून होते. त्यांनी काजलला विचारलं, "गाव कुठलं?"

"बालगृहातनं आलीया."

"ते झालं. मूळ गाव?"

"ठावं न्हाई."

"बरं, पाव्हणं कुठलं?"

"कुणीच न्हाई."

झोपाळा थांबला. मालक माझ्याकडं वळून म्हणाले, "आवं, गाव न्हाई, पाव्हणं न्हाईत. अशा माणसाला खोली कशी द्यायची?"

"पाव्हणं न्हाईत ते बरंच की वं," काजल म्हणाली. "पाणी कमी लागंल!"

दुसऱ्या मालकांनी तर दारही पुरतं उघडलं नाही. "आमी फकस्त फ्यामिलीला देतो!"

रस्त्यावर आल्यावर काजल म्हणाली, "सर, मग आधी फ्यामिलीच कुठं भाड्यानं मिळती का बघूया."

मला हसू आलं नाही. परत जाऊन त्या दारावर धोंडा घालावा असं वाटलं.

*

तिसऱ्या बाई मात्र दयाळू निघाल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "भाडं नकोच मला. सकाळी झाडलोट, दुपारी धुणं, संध्याकाळी सासूबाईंचे पाय दाबले की झालं."

"मग मी दवाखान्यात कवा जाऊ, काकू?"

"नोकरी कशाला गं? इथं घरच्यासारखी राहशील!"

घरच्यासारखी म्हणजे कशी, ते चहा घेऊन आलेल्या त्यांच्या सुनेकडं बघूनच कळलं. आम्ही चहा पिऊन निघालो.

*

शेवटी महिन्याची अखेर आली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं आणि खोलीचा पत्ता नाही. संध्याकाळी एका पिठाच्या गिरणीमागं खोली रिकामी असल्याचं कळलं. गिरणी चालवणाऱ्या आक्काच मालकीण. कोपरापर्यंत पीठ माखलेलं. त्यांची एकच अट होती: "घरच्या मानसासंगं बोलणार. मगच किल्ली."

"माझ्याशी बोला की, आक्का. मी जबाबदार आहे."

"तुमी हापिसातलं. घरचं मानूस पायजे."

काजलनं शांतपणे पिशवीतून एक व्हिजिटिंग कार्ड काढून आक्कांपुढं धरलं. बघतो तर बालगृहाच्या एका देणगीदारांचं! हे गृहस्थ दर झेंडावंदनाला माईकवर गरजायचे, "या लेकरांचा बाप मी आहे! कधीही हाक मारा!" आणि प्रत्येक पोराच्या हातात कार्ड ठेवायचे.

मी नको नको म्हणेपर्यंत काजलनं नंबर लावला. आक्कांचे हात पिठाचे, म्हणून स्पीकर सुरू केला.

"आवं, तुमच्या काजलला खोली देतीया," आक्का म्हणाल्या. "बाप न्हवं का तुमी तिचं?"

"कोण काजल? ओ बाई, मला पोरगी-बिरगी काही नाही! परत फोन केलात तर पोलिसात देईन!"

फोन बंद झाला. आता खोलीही गेली आणि नोकरीही, असं वाटून मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. आक्कांनी मला हातानंच गप्प केलं. काजलकडं बघितलं. मग पदराला हात पुसले आणि कनवटीची किल्ली काढली.

"आमचा बा बी असाच हुता," आक्का म्हणाल्या. "घे. दार जरा उचलून लाव, खाली घासतंय."