गोठणगावचा दिवा

गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतलं बुद्धमंदिर लांबूनच डोळ्यांत भरतं. लाल खांब, त्यांना विळखा घातलेले हिरवे ड्रॅगन, छतावर निळे-पिवळे ढग. चपला काढून आत शिरताना सवयीनं माझा हात घंटेसाठी वर गेला. घंटा नव्हतीच. आपण आल्याची वर्दी इथं कुणाला द्यायची नसते म्हणे. आमच्या मुलानं जाताना दिली नव्हती. तो घर सोडून गेला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून माझी बायको रात्री दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. "आलाच तर दार वाजवायला संकोचेल," म्हणते.

दिव्यांच्या खोलीत एक वयस्क तिबेटी बाई बसल्या होत्या. दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकून त्यांचं मराठी चांगलं झालं होतं. मी आणि बायकोनं लोण्याचा दिवा मागितला, तसं त्यांनी विचारलं, "जिवंत माणसासाठी लावता, की गेलेल्यासाठी? प्रार्थना वेगळी असते."

मी भिंतीकडे बघत राहिलो. तिथं रंगवलेल्या जन्म-मरणाच्या चक्रात जन्मणारे होते, मरणारे होते, नरकात होरपळणारेसुद्धा होते. ज्याचं काहीच कळत नाही अशा माणसाला मात्र कुठं जागा दिसेना.

"गेलेल्यासाठी," बायको म्हणाली.

बाईंनी वात पेटवून दिली. एवढ्या झगमगत्या रंगांत ती ज्योत अगदीच फिकी दिसत होती.

रात्री घरात शिरल्यावर बायकोनं मागं वळून दार लावलं, आणि कडी घातली.